विक्रेत्याने दिलेला कर्नल ठेवावा का? आणि यू-बूट की बेअरबॉक्स?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बुटीबोरीतली एक लहान कंपनी शीतगृहांसाठी कंट्रोलर बनवते आहे. तापमान आणि आर्द्रता मोजायची, कॉम्प्रेसरचा करंट बघायचा, रिले चालवायचे आणि ४जी मोडेमवरून सगळं सर्व्हरला पाठवायचं. बोर्डावर आय.एमएक्स ६यूएलएल चिपचं विकत घेतलेलं मॉड्यूल आहे. विक्रेत्याने एक झिप दिली आहे, तिच्यात लिनक्सचा कर्नल (यंत्रणेचा गाभा) ४.१.१५ आणि त्याला सुरू करणारा बूटलोडर, यू-बूट २०१६.०३. टेबलावर सगळं चालतं. पण बोर्ड काटोल, वरुड, गोंदियाला जाणार आणि ग्राहकाला दहा-बारा वर्षांचं आयुष्य हवं आहे. मग हाच कर्नल ठेवायचा, चिप बनवणाऱ्या एनएक्सपीचा नवा घ्यायचा, की लिनक्सच्या मूळ प्रकल्पाचा, कर्नल डॉट ऑर्गवरचा? आणि बूटलोडर कोणता, यू-बूट की त्याला पर्याय असलेला बेअरबॉक्स?

आधी उत्तर. कर्नल डॉट ऑर्गवरची एलटीएस मालिका घ्या, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळत राहणारी. बूटलोडर मेनलाइन यू-बूट, म्हणजे मूळ प्रकल्पातला, कोणा कंपनीने न बदललेला. विक्रेत्याच्या झिपमधून फक्त डीडीआर मेमरीचे आकडे आणि पिनांची माहिती उचला. आणि दोन्हींपैकी जास्त डोकं बूटलोडरवर खर्च करा. चुकीचा कर्नल नागपुरात बसून बदलता येतो. चुकीचा बूटलोडर बदलायला कोणीतरी लॅपटॉप आणि केबल घेऊन वरुडची गाडी पकडतो.

तुमच्या कंपनीत कोणीतरी म्हणणारच, "चालून राहिलं ना, मग कशाला हात लावता?" त्यांना दोन गोष्टी दाखवा.

पहिली म्हणजे ४.१ ही मालिका जून २०१५ ची. तिची शेवटची दुरुस्ती ४.१.५२, मे २०१८ मध्ये. तुमच्याकडे आहे ४.१.१५, म्हणजे त्या मालिकेतल्या पुढच्या दुरुस्त्याही बहुतेक त्या झिपमध्ये आलेल्या नाहीत. तुमचं उपकरण सिमकार्ड घालून नेटवर बसणार आहे. इतक्या वर्षांत नेटवर्क आणि यूएसबीच्या कोडमध्ये सापडलेली भोकं त्यात तशीच आहेत.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त वजनदार आहे, आणि ती बहुतेक जण विसरतात. ही चिप ३२ बिटची. जुन्या ३२ बिट लिनक्समध्ये वेळ मोजणारा आकडा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो आणि उलटून १९०१ सालात जातो. ३२ बिट यंत्रांसाठी हे दुरुस्त झालं ते कर्नल ५.६ मध्ये, २०२० साली. नुसता कर्नल नवा असूनही भागत नाही. प्रोग्राम आणि कर्नल यांच्या मधली सी लायब्ररीही तशी हवी, म्हणजे मस्ल १.२ किंवा ६४ बिट वेळेसाठी खास पर्याय देऊन वापरलेली ग्लिबसी २.३४ किंवा पुढची. बारा वर्षं चालणारा डबा आज विकला, तर तो २०३८ च्या दारात उभा राहतो. शीतगृहाच्या तापमानाच्या नोंदींवर १९०१ ची तारीख पडली, तर विमा कंपनीला काय सांगणार? ४.१ वर राहण्याचा विषय माझ्यापुरता इथेच संपतो.

आता नवा कर्नल कुठून घ्यायचा. जागा तीन आहेत. विक्रेत्याची झिप, एनएक्सपीचं स्वतःचं गिट (बदलांच्या इतिहासासह ठेवलेला कोड) आणि कर्नल डॉट ऑर्ग. एनएक्सपीचं गिट टाकाऊ नाही. ते एलटीएसवर आधारलेलं असतं, नव्या शाखा येत राहतात, ६.६ वरची शाखाही आहे. पण चिप कंपनीच्या कर्नलची खरी गरज कधी पडते? चिपमध्ये ग्राफिक्सचा जीपीयू, व्हिडिओ डीकोडर, कॅमेऱ्याचं चित्र घडवणारा आयएसपी, एआयसाठीचा एनपीयू असतील आणि त्यांचे ड्रायव्हर मेनलाइनमध्ये अर्धवट असतील तेव्हा. ६यूएलएलमध्ये यातलं काहीच नाही. एक कॉर्टेक्स-ए७ कोर, दोन इथरनेट, सिरियल पोर्ट, आयटूसी, एसपीआय, कॅन, यूएसबी. हे सगळं मेनलाइनमध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं आहे. तेव्हा मधला दलाल कशाला?

मालिका कोणती, याबद्दल एक सावधगिरी. २०२३ मध्ये जाहीर झालं की एलटीएसची देखभाल सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणणार. त्यामुळे "एलटीएस घेतला, आता दहा वर्षं निवांत" हे डोक्यातून काढा. कर्नल डॉट ऑर्गच्या रिलीज पानावर प्रत्येक मालिकेची अंदाजी अखेर दिलेली असते. ती बघूनच ठरवा.

दहा वर्षं एकाच मालिकेवर राहायचंच असेल, तर सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म नावाचा लिनक्स फाउंडेशनचा प्रकल्प आहे. सीमेन्स, तोशिबा वगैरे कंपन्या त्यात आहेत. ते ४.४, ४.१९, ५.१०, ६.१ अशा निवडक मालिका किमान दहा वर्षं सांभाळतात. वीजकेंद्रं आणि रेल्वेसारख्या ठिकाणी ते बरोबर आहे. तुमच्यासाठी मी ६.१२ घेऊन पुढे दर एलटीएसला उडी मारायची तयारी ठेवीन. मेनलाइनवर तुमचे स्वतःचे पॅच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील तर ती उडी सोपी असते. ६.१२ मध्ये प्रीएम्प्ट-आरटी (काटेकोर वेळेत काम करवणारी सोय) मेनलाइनमध्ये आलं आहे, पण रिले आणि तापमानासाठी तुम्हाला त्याची गरज नाही. चालू करू नका.

झिपचं काय करायचं ते नीट सांगतो, कारण घाबरण्याचं खरं कारण तीच असते. तिच्यात गिटचा इतिहास नाही, विक्रेत्याने काय बदललं ते कळत नाही, म्हणून ती सोडवत नाही. एनएक्सपीच्या गिटमधून ४.१.१५-२.०.० या रिलीजचा टॅग काढा, विक्रेत्याचं झाड त्याच्यावर ठेवा आणि डिफ (दोन्हींतला फरक) घ्या. आकडा बघून छाती दडपेल, हजारो ओळी. मग फाइलवार बघा. बहुतेक ओळी एखाद्या वायफाय चिपच्या ड्रायव्हरच्या निघतात, अख्खी डिरेक्टरी तशीच ओतलेली. ती चिप तुमच्या बोर्डावर असेलच असंही नाही. उरतं ते बोर्डाची डिव्हाइस ट्री फाइल (बोर्डावर काय कुठे जोडलं आहे याचं वर्णन), डिफकॉन्फिग (कर्नलच्या निवडींची यादी), एखाद्या एलसीडी पॅनेलचे टायमिंग आणि इथरनेट फाय, म्हणजे केबलच्या बाजूची चिप, याबद्दलच्या चार-दोन ओळी. म्हणजे तुम्हाला प्रत्यक्ष पुढे न्यायचा मजकूर दोन-तीन पानांचा.

डिव्हाइस ट्री मात्र उचलून तशीच नव्या कर्नलमध्ये टाकू नका. मेनलाइनची ६यूएलएलची मूळ फाइल पायाला घ्या आणि वर आपल्या बोर्डाची फाइल नव्याने लिहा. विक्रेत्याच्या फाइलमधून पिनमक्सचे आकडे (कोणती पिन कशासाठी), रेग्युलेटर, आयटूसीचे पत्ते घ्या. कर्नल ६.५ पासून एआरएमच्या डिव्हाइस ट्री फाइली कंपनीवार उपडिरेक्टरीत गेल्या आहेत. जुन्या जागी सापडली नाही म्हणून गोंधळू नका.

एक ठेच बहुतेकांना लागते, ती आधीच सांगतो. अशा मॉड्यूलवर केएसझेड८०८१ हा इथरनेट फाय बऱ्याचदा असतो आणि त्याला ५० मेगाहर्ट्‌झचा रेफरन्स क्लॉक चिप पुरवते. जुन्या कर्नलमध्ये हे सांभाळणारा फिक्सअप (जुळवणीचा छोटा कोड) चिपच्या मशीन फाइलमध्ये लपलेला होता. नव्या पद्धतीत फायच्या नोडमध्ये तो क्लॉक तुम्ही लिहून द्यायचा. विसरलात तर लिंकचा दिवा लागतो, कर्नल "लिंक अप" म्हणतो आणि पिंग काही जात नाही. माणूस मग केबल बदलत बसतो.

बूटलोडरकडे वळण्याआधी उन्हाचं बोलू. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि तुमचा डबा प्लांट रूमच्या पत्र्याखाली, भिंतीला लागून बसणार. आय.एमएक्सचा थर्मल ड्रायव्हर चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या फ्यूजमधून तिचा तापमान-दर्जा वाचतो. कमाल मर्यादेच्या १० अंश अलीकडे तो वेग कमी करतो आणि ५ अंश अलीकडे यंत्रणा बंद करतो. कमर्शियल दर्जाच्या चिपची मर्यादा ९५, म्हणजे ८५ ला हळू आणि ९० ला बंद. इंडस्ट्रियलची १०५, म्हणजे ९५ आणि १००. ध्यानात घ्या, "बंद" म्हणजे रीबूट नाही. बोर्ड बंद होऊन तसाच पडतो. बिनमाणसाच्या जागेत याचा अर्थ पुन्हा गाडी काढणं.

तेव्हा मॉड्यूल इंडस्ट्रियल दर्जाचंच घ्या, आणि बिलावर लिहिलं आहे म्हणून विश्वास ठेवू नका. यू-बूट सुरू होताना सिरियल कन्सोलवर सीपीयूच्या ओळीखालीच दर्जा छापतो, कमर्शियल असेल तर शून्य ते ९५, इंडस्ट्रियल असेल तर उणे ४० ते १०५, आणि शेजारी त्या क्षणीचं तापमान. माल आला की प्रत्येक खोक्यातला एखादा नग लावून ही ओळ वाचा. यासाठी वेगळं उपकरण लागत नाही.

आता बूटलोडर. इथे पहिला निर्णय तुमचा नसतोच, चिपच्या बूट रॉमचा, म्हणजे चिपमध्येच कायम बसवलेल्या पहिल्या प्रोग्रामचा असतो. ६यूएलएलची रॉम एसडी कार्ड किंवा ईएमएमसीवर (बोर्डावर बसवलेली फ्लॅश मेमरी) सुरुवातीपासून १ केबी अंतरावर एक हेडर शोधते. त्या हेडरला जोडलेल्या तक्त्यातले आकडे रजिस्टरांत भरून डीडीआर चालू करते आणि मग पुढचा प्रोग्राम मेमरीत आणते. तो यू-बूट आहे की बेअरबॉक्स, याच्याशी तिला देणंघेणं नाही. पीसीवरच्या ग्रब बूटलोडरचा तर इथे प्रश्नच येत नाही. तो इंटेलच्या औद्योगिक पीसीवर किंवा यूईएफआय फर्मवेअर असलेल्या यंत्रावर वापरा.

बेअरबॉक्स मला आवडतो, हे आधी सांगतो. जर्मनीतल्या पेंगुट्रॉनिक्सने तो वाढवला. सुरुवातीला त्याचं नाव यू-बूट व्ही२ होतं, २००९ मध्ये ते बदललं. त्याची रचना कर्नलच्या वळणाची आहे, कोड वाचायला सुखद आहे आणि दोन प्रतींमधली कोणती सुरू करायची हे ठरवणारा बूटचूजर त्यात आधीपासूनच नीट बसवलेला आहे. यू-बूटमध्ये तेच काम स्क्रिप्टा लिहून जुळवावं लागतं. तरीही तुम्हाला यू-बूट सांगतो, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. तुमच्याकडे हे काम करणारा एकच माणूस आहे. तो पुण्याला किंवा बंगलोरला गेला, तर त्याच्या जागी यू-बूट येणारा मुलगा नागपुरात मिळेल. बेअरबॉक्स येणारा शोधावा लागेल. टीम मोठी असती तर मी उलटं म्हटलं असतं.

यू-बूटच्या आवृत्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा दर तीन महिन्यांनी येतात आणि त्यात एलटीएस नावाची गोष्ट नाही. म्हणून उत्पादनाला जाताना जी ताजी असेल ती घ्यायची, कसून तपासायची आणि तिथेच गोठवायची.

विक्रेत्याच्या २०१६.०३ मधून एकच गोष्ट जपून उचला, ती म्हणजे डीडीआरच्या आकड्यांची फाइल. त्यांच्या पीसीबीवरच्या ट्रॅकच्या लांबीप्रमाणे ते कॅलिब्रेट केलेले असतात. ते कुठल्याही दुसऱ्या बोर्डाचे घेऊन चालत नाहीत. पण कॅलिब्रेशन बहुधा एसी खोलीत झालेलं असतं. एनएक्सपीचं डीडीआर स्ट्रेस टेस्ट टूल घ्या, बोर्ड डब्यात बंद करून गरम करा आणि तेव्हा चालवा. मेमरी काठावर असेल तर ती जानेवारीत कधीच बोलत नाही, मे महिन्यात दुपारी दोनला बोलते. मग सगळे कर्नलला शिव्या देतात.

कर्नल आणि रूट फाइलसिस्टिमच्या (बाकीचे सगळे प्रोग्राम आणि फाइली) दोन प्रती ठेवा. अपडेट नेहमी न वापरात असलेल्या प्रतीवर. यू-बूटमध्ये बूटकाउंट (किती वेळा बूट करून पाहिलं) आणि बूटलिमिट (त्याची मर्यादा) आहेत, मर्यादा ओलांडली की तो नेहमीच्या बूट कमांडऐवजी पर्यायी कमांड चालवतो आणि जुन्या प्रतीवर परततो. बूटकाउंट एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे यू-बूटच्या साठवलेल्या सेटिंगमध्ये ठेवणार असाल, तर "अपग्रेड अव्हेलेबल" हा व्हेरिएबल १ असल्याशिवाय आकडा साठवलाच जात नाही, हे कोडमध्ये बघून घ्या. फ्लॅश झिजू नये म्हणून ते मुद्दाम तसं आहे. न कळल्यामुळे लोक म्हणतात की रोलबॅक चालत नाही. एन्व्हायर्नमेंटच्याही दोन प्रती चालू करा. वीज नेमकी लिहिताना जाते, आणि आपल्याकडे ती जाण्याला कारण लागत नाही.

नवी प्रत "यशस्वी" कधी म्हणायची? लॉगिन प्रॉम्प्ट आला की नव्हे. तुमच्या प्रोग्रामने मोडेमवरून सर्व्हरला नोंद पाठवली आणि उलट पावती आली, की मगच काउंट शून्य करा. नव्या कर्नलमध्ये मोडेमचा ड्रायव्हर घ्यायचा राहिला, तर डबा छान बूट होईल, स्वतःला यशस्वी म्हणेल आणि तुमच्या हाताबाहेर जाईल. अपडेट चढवणारी राउक किंवा एसडब्ल्यूअपडेट ही साधनं, दोन्ही या व्यवस्थेबरोबर चालतात. जे योक्टो किंवा बिल्डरूटमध्ये (बोर्डासाठी लिनक्स बांधणारी साधनं) तुम्हाला सोपं जाईल ते घ्या.

वॉचडॉग, म्हणजे यंत्र अडकलं तर रीसेट करणारा टायमर, बूटलोडरमध्येच सुरू करा. या चिपचा वॉचडॉग जास्तीत जास्त १२८ सेकंदांचा आहे आणि एकदा चालू केला की रीसेटपर्यंत बंद करता येत नाही. आपल्याला हवंय तेच. पण एक खाच आहे. बूटलोडरने चालू केलेल्या वॉचडॉगला कर्नल आपणहून खाऊ घालत राहतो, म्हणजे टायमर पुन्हा सुरुवातीला आणत राहतो, तुमचा प्रोग्राम तो उघडेपर्यंत. प्रोग्राम सुरूच झाला नाही, तर कर्नल अनंतकाळ खाऊ घालील आणि डबा जिवंत प्रेतासारखा बसून राहील. वॉचडॉगचा ओपन टाइमआउट हा पॅरामीटर कर्नल कमांड लाइनवर द्या, म्हणजे ठराविक वेळात प्रोग्राम आला नाही तर रीसेट होईल.

आणि तो रीसेट खरा आहे का, हेही तपासा. वॉचडॉग फक्त चिपला रीसेट करतो. एसडी कार्ड वेगवान मोडमध्ये १.८ व्होल्टवर गेलेलं असेल आणि त्याची वीज तोडली गेली नाही, तर ते तसंच राहतं. रॉम त्याच्याशी ३.३ वर बोलायला जाते आणि काहीच होत नाही. लक्षण ठरलेलं: रीबूट केलं की बोर्ड मेलेला, प्लग काढून लावला की ठणठणीत. उपाय हार्डवेअरचा आहे. वॉचडॉगची बाहेर येणारी पिन पॉवर चिपला जोडलेली हवी आणि डिव्हाइस ट्रीत बाहेरच्या रीसेटची ओळ लिहिलेली हवी. विक्रेत्याच्या सर्किटमध्ये ती पिन जोडली आहे का ते आजच बघा, पीसीबी अजून हातात आहे तोवर. मग बोर्ड रात्रभर वॉचडॉगने रीसेट करत ठेवा. सकाळी सिरियल लॉगमध्ये एकही खंड नको.

बूटलोडर ईएमएमसीच्या स्वतंत्र बूट पार्टिशनमध्ये ठेवा. लिनक्समध्ये ती मुळातच रीड-ओन्ली असते, त्यामुळे कोणाच्या तरी स्क्रिप्टने चुकून पुसली जात नाही. कधी बदलायचीच वेळ आली, तर दोन बूट पार्टिशन आहेत, दुसऱ्यावर लिहायचं, परत वाचून तपासायचं आणि मगच ईएमएमसीला दुसऱ्याकडे वळवायचं. यू-बूटची प्रॉम्प्ट सिरियलवर उघडी सोडू नका. सुरक्षित बूटसाठी (फक्त आपल्या सहीचा बूटलोडर चालावा म्हणून) फ्यूज जाळायचे असतील तर ते परत फिरवता येत नाहीत, तेव्हा सहीची किल्ली कोण सांभाळणार हे कंपनीत लेखी ठरल्याशिवाय हात लावू नका.

चिप दुसरी असती तर हे उत्तर बदललं असतं. आय.एमएक्स ८एममध्ये ट्रस्टेड फर्मवेअर नावाचा सुरक्षेचा कोड आणि डीडीआरची बंद बायनरी लागते, एसटीएम३२एमपी१ मध्ये यू-बूटच्या आधी ट्रस्टेड फर्मवेअर येतं, टीआयच्या एएम६२ मध्ये तर आधी एक वेगळा आर५ कोर जागा होतो. रास्पबेरी पायच्या कम्प्यूट मॉड्यूलवर त्यांचाच कर्नल आणि त्यांचाच बूट क्रम वापरणं शहाणपणाचं. कॅमेरा आणि एनपीयू लागणारं काम असेल, तर चिप कंपनीच्या कर्नलशी संसार करावाच लागतो. मग निदान त्यांची शाखा एलटीएसच्या मागे किती राहते ते चिप घेण्याआधी बघा.

परवान्याचं एका ओळीत सांगतो. कर्नल आणि यू-बूट दोन्ही जीपीएल आहेत, तुमच्या ग्राहकाने सोर्स मागितला तर तो द्यावा लागतो. तेव्हा विक्रेत्याकडून पूर्ण सोर्स, डीडीआरची फाइल आणि सर्किट डायग्राम पैसे देण्याआधी मागून घ्या. नंतर फोन उचलत नाहीत, असा अनुभव आहे.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी जुना यू-बूट तसाच राहू द्या आणि त्याच्यावरून नेटवर्कने नवा कर्नल आणि नवी डिव्हाइस ट्री चढवा. रूट फाइलसिस्टिमही एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राच्या फोल्डरमधून. तो स्थिर झाला की मग यू-बूटला हात घाला. दोन्ही एकदम बदललं तर बिघाड कोणाचा ते कळत नाही. नवा यू-बूटही लगेच ईएमएमसीवर लिहू नका. या चिपच्या रॉममध्ये यूएसबी सिरियल डाउनलोडर आहे. बूट स्विच त्या स्थितीत टाकून एनएक्सपीच्या यूयूयू टूलने यू-बूट थेट मेमरीत उतरवता येतो आणि चालवून बघता येतो. त्यासाठी यूएसबी ओटीजी पोर्टचे पॅड तुमच्या अंतिम पीसीबीवर ठेवा, कनेक्टर नसला तरी चालेल. कारखान्यात पहिलं फ्लॅशिंगही त्याच पॅडवरून होईल.